काय आड आलं?

सकाळी ६.००

कोलकात्यात रात्रभर पाऊस झाला की सकाळी दुधाआधी एकच चौकशी होते: ठनठनियाला पाणी भरलंय का? तिथे गुडघाभर असेल तर बस उशिरा, बस उशिरा तर दिवसाचं सगळंच पुढे सरकतं. आमचं बिऱ्हाड उत्तर कोलकात्यात. सासरे विट्याकडून सोन्याच्या गलाईसाठी इकडे आले आणि बडाबाजारात स्थिरावले. मी मिरजेला नर्सिंग केलं. आता ईएम बायपासवरच्या एका खासगी रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे, सगळ्यांच्या तोंडी 'आयसीएन'. माझ्या नावावर एकही बेड नाही. माणूस ज्या दुखण्यासाठी आला त्याखेरीज दुसरं दुखणं आमच्याकडून घेऊन जाऊ नये, एवढंच माझं काम.

बस माणिकतला, फुलबागान, बेलेघाटा करत निघते. बेलेघाट्याला संसर्गजन्य रोगांचं सरकारी रुग्णालय आहे आणि तिथेच पूर्वी 'नायसेड' म्हणून ओळखली जाणारी, १९६२ साली कॉलरा संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय संस्था. साथी या शहराने पिढ्यानपिढ्या पाहिल्यात. माझं काम मात्र चार भिंतींच्या आतल्या साथींचं, ज्यांची बातमी होत नाही.

७.००

पहिला थांबा सीएसएसडी. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याचा हा विभाग तळमजल्यावर आहे. दिवसाच्या सुरुवातीला ऑटोक्लेव्हची एक फेरी हत्यारांशिवायच होते, फक्त एका कागदासाठी. बोवी-डिक चाचणी म्हणतात तिला. कापडाच्या किंवा कागदाच्या घट्ट गठ्ठ्याच्या मधोमध रंग बदलणारा कागद ठेवायचा आणि १३४ अंशांवर साडेतीन मिनिटं वाफ द्यायची. वाफ सगळीकडे पोचली असेल तर कागद कडेपासून मध्यापर्यंत सारखा काळा होतो.

"झालाय की काळा," तंत्रज्ञ दादा म्हणाले.

"कडेने झालाय. मध्ये बघा."

मध्यभागी रुपयाएवढा फिकट डाग होता. आत हवा अडकली होती, आणि हवा जिथे बसते तिथे वाफ शिरत नाही. असा संच बाहेरून गरम लागतो, पाकिटावरची पट्टीही रंग बदलते, आतल्या कात्रीच्या सांध्यात मात्र जंतू जिवंत राहू शकतात. गलाईवाल्याच्या घरात चकाकीवर भाव ठरत नाही, कस लावावा लागतो. इथेही तसंच. मशीन बंद ठेवलं, इंजिनिअरला फोन केला आणि पहिला संच दुसऱ्या मशीनमध्ये लावला. थिएटरची यादी पाऊण तास मागे गेली. सर्जनचा फोन आला, आवाज चढलेला. कागदाचा फोटो पाठवून दिला, मग पुन्हा फोन आला नाही. दुपारी कळलं, दाराची रबरी कड एका कोपऱ्यात चिरली होती.

७.४५

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रात्रीत रक्ताच्या कोणत्या बाटल्या 'वाजल्या' ते बघायचं. जंतू वाढू लागला की मशीन इशारा देतं. एका रुग्णाच्या दोन बाटल्यांपैकी एकीतच त्वचेवरचा नेहमीचा जंतू आला होता. तो बहुधा रक्त घेताना चिकटलेला. त्यावर भारी अँटिबायोटिक सुरू होऊ नये म्हणून वॉर्डला लगेच कळवायचं. दुसरा निकाल वाईट होता: आयसीयूतल्या एका आजोबांच्या नमुन्यात क्लेब्सिएला, आणि मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकलाही दाद न देणारा.

असा जंतू एका बेडवरून दुसऱ्यावर आपल्या पायांनी जात नाही. तो हातांवरून, स्टेथोस्कोपवरून, बीपीच्या पट्ट्यावरून, बेडच्या कठड्यावरून जातो. वॉशबेसिनच्या जाळीखाली तर तो महिनोन्महिने मुक्काम ठोकतो. उरलेलं सलाईन बेसिनमध्ये ओतलं की त्याला आयतं खाद्य मिळतं, पाण्याच्या धारेबरोबर तो उडतो आणि हात धुणाऱ्याच्याच हातावर बसतो. आजोबांना कोपऱ्यातली बंद खोली दिली. त्यांचं थर्मामीटर, स्टेथोस्कोप, पट्टा वेगळा केला आणि दाराबाहेर गाऊन व हातमोजे ठेवले. शेजारच्या दोन बेडच्या रुग्णांचेही नमुने पाठवले.

८.३०

आयसीयूच्या राउंडला मी डॉक्टरांच्या मागे चालते आणि प्रत्येक बेडशी एकच प्रश्न विचारते: ही नळी आज कशासाठी?

लघवीची नळी, मानेतली सेंट्रल लाइन, श्वासनलिकेतली नळी. प्रत्येक नळी म्हणजे शरीरात थेट उघडलेलं दार, आणि दार उघडं राहील तितका दिवसागणिक धोका वाढतो. घालताना सगळे काळजी घेतात: दोन टक्के क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, निर्जंतुक गाऊन, मोठी चादर. काढायचं मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. बेड चारच्या बाई कालपासून चालत बाथरूमला जातायत, तरी पिशवी लटकलेलीच होती. "संध्याकाळी काढू," ज्युनिअर डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "संध्याकाळी ड्यूटी बदलते, दादा." नळी तेव्हाच निघाली.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, म्हणजे तोंडातली, पोटातली घाण फुफ्फुसात उतरत नाही. कोन डोळ्यांनी मापला की नेहमी जास्त वाटतो. म्हणून बेडच्या कडेला ३० अंशांवर लाल चिकटपट्टी लावून घेतलीय. पट्टी लागल्यापासून वाद मिटले.

१०.००

हात धुण्याची पाहणी. जागतिक आरोग्य संघटनेने हाताच्या स्वच्छतेचे पाच क्षण सांगितलेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. अल्कोहोलचं द्रावण २० ते ३० सेकंद चोळायचं, साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचं. हे पाठ नसलेला माणूस आमच्याकडे सापडणार नाही. भिंतीवर बांगला, हिंदी, इंग्रजीत चित्रांसकट लावलंय. तरी पाचवा क्षण हमखास सुटतो.

मी खांबाआड फाईल घेऊन उभी राहिले. एक सिस्टर दोन्ही हातांत औषधांचा ट्रे धरून आली. द्रावणाची बाटली बेडच्या पायथ्याशी, ट्रे ठेवायचं टेबल उशाशी. ट्रे ठेवला की ती थेट रुग्णापाशी पोचते. बाटलीसाठी तिला उलटं चार पावलं चालावं लागेल, आणि सकाळच्या पाळीत ती अशा कितीतरी फेऱ्या मारते. तिला व्याख्यान देऊन काय होणार? बाटली उचलून उशाकडच्या सलाईनच्या स्टँडला अडकवली. पुढच्या फेरीत तिने ट्रे ठेवता ठेवता हात चोळले, विचारही न करता.

हातमोजे ही आणखी एक गंमत. मोजे घातले की हात स्वच्छच आहेत असं माणसाला वाटतं. त्याच मोज्यांनी ड्रेसिंग, फोन, फाईल आणि दाराची कडी. मोजे घालणाऱ्याचं रक्षण करतात, पुढच्या रुग्णाचं करत नाहीत.

मग शाँखा-पला. कोपराखाली काही नको, हा नियम सोपा आहे. पण इथल्या लग्न झालेल्या हिंदू बाईच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, लाल पोवळ्याच्या आणि एक लोखंडी कडं असतंच. पुरुषांच्या मनगटावर कालीघाटचा किंवा तारापीठचा लाल दोरा. बांगडीखालची त्वचा कधीच नीट धुतली जात नाही आणि ओला दोरा तर दिवसभर वाळत नाही. नुसतं 'काढा' म्हटलं तर एक सिस्टर मला म्हणाली, "दिदी, शाशुडी बघेल तर काय म्हणेल?" सासू म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, माझ्याही हिरव्या बांगड्यांवरून विट्याला बोलणी झालीत. शेवटी उपाय तिघी-चौघींनीच काढला. लॉकरमध्ये प्रत्येकीची नाव लिहिलेली कापडी थैली ठेवली, आणि ज्यांना काढायच्याच नाहीत त्यांच्यासाठी बांगड्या कोपराच्या वर चढवून गॉजने बांधायच्या. घरी जाताना हात पुन्हा होते तसे.

११.३०

सफाईच्या मासींबरोबर तासभर. रुग्णालयातलं निम्मं ज्ञान यांच्याकडे असतं आणि बैठकीला यांना कोणी बोलवत नाही. लादी पुसायची ती स्वच्छ भागाकडून घाणीकडे, बाथरूम सगळ्यात शेवटी, आणि वेगळ्या ठेवलेल्या खोलीचं पोतेरं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. रक्त सांडलं तर आधी शोषून घ्यायचं, मग एक टक्का हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटं थांबायचं. हे द्रावण रोज ताजं करावं लागतं, कारण उघड्यावर त्याचा जोर उतरतो. बादलीला वास येतोय म्हणजे काम होतंय, हा समज फार पक्का आहे.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांनी ठरवलेत: रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग पिवळ्यात, नळ्या, सलाईनच्या बाटल्या, सुई काढलेल्या सिरिंज लालमध्ये, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. पिशवीवर बारकोड लागतो आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आज कचऱ्याची गाडी पाण्यात अडकली. मासी म्हणाल्या, "कालचा दुपारचा माल आधी काढून दाराशी ठेवलाय, दिदी. गाडी आली की तो पहिला जाईल." हिशेब मी करायच्या आत त्यांनी केला होता.

१२.४०

फोन वाजला. महिला वॉर्डात एका सिस्टरला सुई लागली होती.

मणिपूरची पोरगी, नुकतीच लागलेली. बोट धरून उभी, चेहरा पांढरा. स्पिरिट लावायला निघाली होती. मी थांबवलं. अशा वेळी जखम पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, जळजळीत काही ओतायचं नाही. साधा साबण आणि वाहतं पाणी. मग रुग्णाच्या संमतीने त्याचं रक्त एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी साठी पाठवायचं. एचआयव्हीचा धोका अशा जखमेतून हजारात तीन इतका असतो, हेपटायटिस बीचा लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत. म्हणून तर कामावर घेतानाच लस आणि अँटिबॉडीची तपासणी. एचआयव्हीच्या गोळ्या लागल्याच तर जितक्या लवकर तितकं बरं, शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. तिची लस पूर्ण होती, रुग्णाचा निकाल तासाभरात आला, तिन्ही निगेटिव्ह.

तोवर तिने मला एकच विचारलं होतं: "दिदी, नोकरी जाईल का?"

"सुईला टोपण परत लावायचं नाही, हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग लावलंस का?"

"सुयांचा डबा तिकडे, नर्सिंग स्टेशनपाशी. मी चौदा नंबरला. आजी हात झटकत होत्या. उघडी सुई घेऊन एवढं लांब कशी चालू?"

उत्तर बरोबर होतं. नियम तिला ठाऊक होता, आणि डब्याच्या जागेने तो पाळणं अवघड करून ठेवलं होतं. फॉर्मवर 'चूक कोणाची' असा रकाना पूर्वी होता. तो काढून आम्ही 'काय आड आलं' असा केला. त्यानंतर सुई लागल्याची नोंद करणारे वाढले. वर बसणाऱ्यांना वाटलं अपघात वाढले. खरं तर लपवणं कमी झालं होतं.

या शहराशी आणि आपल्या मुंबईशी जोडलेली एक जुनी हकिकत मी नव्या मुलांना सांगते. परळच्या ज्या प्रयोगशाळेला पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट नाव मिळालं, तिथली प्लेगची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून ज्यांना टोचली, ते १९ जण धनुर्वाताने गेले. लस बनवताना कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवली म्हणून ठपका वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पण बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला होता, हेही पुढे आलं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून बाजू मांडली, हाफकिन दोषमुक्त झाले आणि हिंदुस्थानात परतले ते कलकत्त्याला, जिथे त्यांनी १८९४ साली बस्त्यांमध्ये कॉलऱ्याची लस टोचली होती.

ऐकणारी मुलं लगेच म्हणतात, म्हणजे चूक सहायकाची. मी म्हणते, पुन्हा तेच केलंत. दुसरा चिमटा जवळ ठेवला होता का, दिवा पेटता होता का, मागे किती माणसं रांगेत उभी होती, हे विचारा.

२.००

जेवण. कँटीनमध्ये भात आणि रुई माशाचं झोल, माझ्या डब्यात पोळी आणि पोस्तो, म्हणजे खसखस, घातलेली दोडक्याची भाजी. इतक्या वर्षांत डब्याचंही लग्न झालंय.

३.००

संसर्ग नियंत्रण समितीची बैठक. आकडे मांडायचे ते हजार 'लाइन-दिवसां'मागे किती संसर्ग असे. दहा रुग्णांना प्रत्येकी पाच दिवस सेंट्रल लाइन असेल तर ते पन्नास दिवस धरायचे. नुसते 'या महिन्यात दोन झाले' म्हणून काही कळत नाही.

आकडा खाली आलाय. लगेच खर्चाच्या बाजूने प्रश्न आला: हातांच्या द्रावणाचा खप एवढा का? संसर्ग नाहीत, तर इतक्या बाटल्या कशाला?

मी म्हटलं, आमची बस रोज जो जुना सर्क्युलर रोड ओलांडते, तो मराठा खंदकाच्या कडेचा. १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती सात मैलांचा खंदक खणायचं ठरलं. तीनेक मैल झाला. मराठे शहरावर आले नाहीत, काम तिथेच थांबलं आणि पुढे खंदक बुजवला गेला. खणणाऱ्यांच्या दृष्टीने ते ठीकच होतं, कारण मराठे खरोखर परत गेले. क्लेब्सिएला परत जात नाही. तो बेसिनच्या जाळीखाली बसून असतो. मी हे इतकंच बोलले, आणि मराठी बाईच्या तोंडून बर्गींची, म्हणजे मराठा स्वारांची, गोष्ट ऐकून सगळे हसले. बाटल्या कापल्या नाहीत. सुयांचे छोटे डबे प्रत्येक औषधाच्या ट्रॉलीवर बसवायचेही मंजूर झाले.

४.००

भेटीची वेळ. 'पेशंट पार्टी' येते: पिशवीत शहाळं, संदेशचं खोकं, फुलं. देवळात शिरावं तसे लोक दाराशी चपला काढून अनवाणी आयसीयूत येतात. लादीवर काय सांडलेलं असतं ते मी जाणते, म्हणून दाराशी बुटांवरची कव्हरं घेऊन एक मासी उभी असते.

वेगळ्या खोलीतल्या आजोबांचे धाकटे भाऊ आले. गाऊन बघून बिचकले. "मा, दादाला काय एवढं वाईट झालंय, की शिवायचं पण नाही?"

"शिवा की, मेशोमशाय. हात धरून बसा. फक्त आधी हात चोळा, आणि बाहेर येताना पुन्हा. दुसऱ्या बेडकडे मात्र जाऊ नका."

ते बसले. रुग्णाला वेगळं ठेवलं की सिस्टरही आत कमी जातात, पाणी उशिरा मिळतं, माणूस एकटा पडतो. वेगळं ठेवण्याचा हा तोटा कोणत्याच आकड्यात येत नाही, म्हणून मी त्या खोलीसमोरून मुद्दाम दोनदा जास्त जाते.

५.३०

इमर्जन्सी. ताप आणि खोकला दोन्ही असलेल्याला दारातच मास्क द्यायचा आणि वेगळ्या बाकावर बसवायचं. नावनोंदणी मग. या गोष्टीला बंगालमध्ये मोठा धडा आहे. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीत गूढ तापाने माणसं दगावली. बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली होती, त्यांत कर्मचारी होते आणि भेटायला आलेले नातेवाईकही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकेच्या सीडीसीबरोबर जपून ठेवलेले नमुने तपासले आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापला: निपाह. नोंदलेल्या ६६ रुग्णांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त दगावले होते. विषाणूचं नाव कळायला वर्षं लागली. मास्क लावायला नाव कळावं लागत नाही.

पावसाळ्यात डेंगूचे रुग्ण येतात आणि त्यांना दिवसाही मच्छरदाणी लागते, कारण एडिस डास दिवसा चावतो आणि तापातल्या माणसाचं रक्त पिऊन शेजारच्या बेडवर जातो. मी पॅन्ट्रीतल्या फ्रीजखालचा ट्रे, रिसेप्शनवरच्या मनीप्लांटच्या बाटल्या आणि तळघरातली पंपाची खोली बघते. रॉसने डासांतून मलेरिया पसरण्याचं कोडं १८९८ मध्ये याच शहरात, पीजी हॉस्पिटलच्या आवारात सोडवलं. आज मला मनीप्लांटच्या एका बाटलीत अळ्या दिसल्या. बाटली ओतली आणि तिथे माती भरलेली कुंडी ठेवायला सांगितली.

६.३०

निघण्याआधी उद्याची यादी: ऑटोक्लेव्हची नवी रबरी कड आणि पुन्हा बोवी-डिक, शेजारच्या दोन बेडचे निकाल, ट्रॉलींवरचे डबे, मणिपूरच्या पोरीशी दहा मिनिटं.

ओळखीचे लोक मला विचारतात, आमचा माणूस ॲडमिट आहे, आम्ही काय करू? तीन गोष्टी विचारा. हात लावण्याआधी, 'तुम्ही हात चोळलेत ना?' रोज सकाळी, 'ही नळी अजून लागते का?' आणि अँटिबायोटिक सुरू होताना, 'हे कशासाठी, आणि कुठपर्यंत?' डॉक्टर, सिस्टर, मासी, कोणालाही विचारा, आवाज न चढवता. चांगल्या वॉर्डात उत्तर मिळतं. विचारलं म्हणून कोणी तुमच्यावर चिडलं, तर ते संसर्ग नियंत्रणाच्या माणसाला जरूर कळवा. कोण चिडलं ते सांगायची गरज नाही, कोणता वॉर्ड ते पुरे. तिथे काहीतरी आड येतंय, ते शोधायला तो दुसऱ्या दिवशी जाईल.